पाच वर्षांची अट आणि त्यानंतरचं घर

सरकारी गृहयोजनेच्या सोडतीत लागलेलं घर पाच वर्षं विकता येत नाही, हे नागपुरात अर्ज भरणाऱ्या प्रत्येकाला पाठ असतं. सहाव्या वर्षी त्या घराचं काय होतं, हे मात्र कुणी विचारत नाही. पहिल्यांदाच घर घेणाऱ्यांसाठी परवडणारी घरं शहरात टिकवायची, तर विचार त्या सहाव्या वर्षापासूनच करावा लागेल.

विक्रीवरचं बंधन या शहराला नवं नाही. १९३६च्या कायद्याने स्थापन झालेल्या नागपूर सुधार प्रन्यासाचे भूखंड तीस-तीस वर्षांच्या भाडेपट्ट्यावर दिले जात. हस्तांतरणाला परवानगी लागे, शुल्क भरावं लागे. नझूलच्या, म्हणजे शहरातल्या सरकारी मालकीच्या, जमिनींचंही तसंच. पण या अटी जमिनीवरचा ताबा आणि महसूल राखण्यासाठी होत्या. पुढचा खरेदीदार गरीबच असावा, असं त्यांत कुठेच नव्हतं. १९७६च्या कमाल जमीन धारणा कायद्यात लहान घरं बांधण्याच्या बोलीवर जादा जमीन राखायला सूट मिळे. राज्यात तो कायदा २००७ मध्ये गेला. सामान्य नागपूरकर तोवर आपल्या वाटेने केव्हाच निघून गेला होता: सोसायटीचा प्लॉट हप्त्याने घ्यायचा, दोन खोल्या उभ्या करायच्या आणि आरएलची, म्हणजे प्लॉट नियमित झाल्याच्या पत्राची, वाट पाहायची. ५७२ आणि १९०० या आकड्यांनी ओळखले जाणारे अनधिकृत ले-आऊट त्यातूनच झाले. २००१च्या गुंठेवारी कायद्याने त्यांतल्या अनेकांना नियमित होण्याची वाट दिली.

आता पाच वर्षांच्या अटीबद्दल. सोडतीचं घर बाजारभावाहून स्वस्त पडतं, कारण जमिनीचा, कधी अनुदानाचा, भार सरकारने उचललेला असतो. ते लगेच विकून मधला फरक कुणी खिशात घालू नये, म्हणून ही मुदत. हेतू चांगला आहे, पण अट फक्त वेळेला बांधते. किंमत मोकळी आणि पुढचा खरेदीदारही मोकळा. मुदत संपली की ना हरकत प्रमाणपत्र घ्यायचं, हस्तांतरण शुल्क भरायचं आणि बाजारभावाने रजिस्ट्री लावायची. घेणाऱ्याचं उत्पन्न किती, त्याच्या नावावर आधीची किती घरं, हे तेव्हा कुणी तपासत नाही.

मुदतीच्या आतही व्यवहार होतातच. इसारपत्र, आममुखत्यारपत्र आणि ताबा पावती अशी तीन कागदं नोटरीकडे होतात, रक्कम हातोहात दिली जाते, किल्ली बदलते. विजेचं बिल आणि घरटॅक्स मूळ मालकाच्याच नावाने येत राहतात. अशा मुखत्यारपत्राने मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच स्पष्ट केलं. तरी पाचव्या वर्षाच्या भरवशावर लोक पैसा अडकवतात. मधेच मूळ मालक वारला आणि वारस फिरले, की घेणारा उघड्यावर पडतो. तोही बहुतेक वेळा पहिलंच घर घेणारा.

२०१३ मध्ये दहा लाखांहून मोठ्या शहरांसाठी समावेशक गृहनिर्माणाचा नियम आला. चार हजार चौरस मीटरच्या पुढच्या प्रकल्पांत वीस टक्के घरं किंवा भूखंड अल्प उत्पन्न गटांसाठी. २०१५च्या पंतप्रधान आवास योजनेत कुटुंबातल्या कुणाचंही देशात कुठेही पक्कं घर नसावं, अशी अट आली. नागपुरातल्या वाठोडा, तरोडी, वांजरीकडच्या इमारती त्याच योजनेतल्या. दोन्हीकडे चाळणी पहिल्या लाभार्थ्यालाच लागते.

किंमत बांधण्याचा मार्ग जगात आहे. अमेरिकेतल्या बर्लिंग्टनमध्ये १९८४ पासून एक विश्वस्त संस्था जमीन स्वतःकडे ठेवून फक्त घर विकते. घर विकताना मालकाला वाढीव किमतीचा ठरलेला हिस्सा मिळतो आणि घर पुन्हा गरजूकडेच जातं. इथे यावर आक्षेप असा, की गरिबाच्या एकमेव मिळकतीलाच का बांधायचं? मुलीचं लग्न, आजारपण, सगळं त्याच घरावर असतं. आक्षेपात तथ्य आहे. पण वाढीव किमतीचा काही हिस्सा त्याला मिळतोच, आणि उरलेल्या भागाच्या बळावर दुसरं कुटुंब त्याच दारात येऊ शकतं.

यासाठी जमीन भाडेपट्ट्यावर राहणं सोयीचं, आणि नागपूरकडे ते साधन होतंच. २०२४ मध्ये राज्याने नागपूर आणि अमरावती विभागांतल्या निवासी नझूल जमिनी सवलतीच्या दराने पूर्ण मालकीच्या करून द्यायला सुरुवात केली. पट्टेधारकांची ती जुनी आणि रास्त मागणी होती. यापुढे स्वस्त घरांसाठी जी सरकारी जमीन निघेल, ती तरी भाडेपट्ट्यावरच ठेवता येईल. तो निर्णय अजून सरकारच्या हातात आहे.