मुंबईची ‘आयलंडिंग’ यंत्रणा : पार्श्वभूमी

मुंबईची वीज तासभर गेली तरी राज्यभर बातमी होते. २००५ च्या आगेमागे ग्रामीण महाराष्ट्र दिवसातले कित्येक तास भारनियमनात काढत होता, तेव्हा मुंबई शहर आणि बहुतेक उपनगरं त्यातून सुटलेली होती. या सुटकेचं श्रेय सर्रास आयलंडिंगला दिलं जातं आणि गैरसमज तिथूनच सुरू होतो. भारनियमन हा तुटवड्याचा प्रश्न. स्वतःचे वीजसंच, महाग वीज विकत घेण्याची ऐपत आणि राजधानी म्हणून मिळणारं झुकतं माप यांच्या जोरावर मुंबईने तो टाळला. आयलंडिंगचं काम वेगळं आहे. बाहेरचं जाळं एकदम कोसळू लागलं, तर काही क्षणांत मुंबईला त्यापासून तोडायचं आणि शहराला जोडलेल्या संचांवर जेवढा भाग जगवता येईल तेवढा जगवायचा. वर्षातले सगळे दिवस ही यंत्रणा नुसती तयार बसलेली असते.

तिची मुळं सह्याद्रीत आहेत. खोपोलीचं जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झालं, भिवपुरीचं १९२२ आणि भिऱ्याचं १९२७ साली. पूर्वेकडे भीमेच्या खोऱ्यात जाणारं पाणी घाटमाथ्यावर अडवायचं, कोकणात उतरवायचं आणि त्यावर गिरणगाव चालवायचं, अशी ती योजना. खोपोलीत डोंगरउतारावरून थेट खाली येणारे जाड नळ आजही दिसतात. वरचं पाणी आणि खालचं जनित्र यांच्या उंचीत पाचशे मीटरच्या आसपास फरक आहे. या विजेची किंमत मावळातल्या शेतकऱ्यांनी मोजली. मुळशी धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सुरू झालेला सत्याग्रह बुडणारी गावं वाचवू शकला नाही. मुंबईच्या विजेची हकिगत सांगताना ही गावं गाळली जातात, ते चूक आहे. पुढे १९५६ मध्ये ट्रॉम्बेचं औष्णिक केंद्र आलं, १९९० च्या दशकात डहाणूचं. वितरण आधीपासून वाटलेलं होतं : बेटाचं शहर एका उपक्रमाकडे, पश्चिम आणि मध्य उपनगरं खासगी कंपनीकडे, मुलुंड-भांडुपचा पट्टा राज्याच्या कंपनीकडे.

घाटातल्या केंद्रांचा या हकिगतीतला मोठेपणा त्यांच्या मेगावॅटमध्ये नाही. तिन्ही ठिकाणची मिळून क्षमता साडेचारशे मेगावॅटच्या आत आहे. पण झडप उघडली की पाणी पडतं आणि जनित्र काही मिनिटांत भार उचलतं. कोळशाचा थंड संच तापवून चालू करायला कित्येक तास लागतात, आणि त्याचे पंप, पंखे, कोळसा दळणाऱ्या गिरण्या फिरवायला आधी बाहेरून वीज लागते. सगळीकडे अंधार झाल्यावर पहिली वीज कोण देणार, या प्रश्नाला मुंबईकडे शंभर वर्षांपासून उत्तर आहे, ते या तीन केंद्रांमुळे. देशातल्या इतर महानगरांजवळ अशी सोय नव्हती, म्हणून १९८१ च्या सुमारास मुंबईसाठी आयलंडिंगची आखणी झाली तेव्हा ती इथे जमण्यासारखी होती.

आखणी कागदावर सोपी दिसते. जाळ्याची फ्रिक्वेन्सी, म्हणजे विजेची सेकंदाला होणारी आवर्तनं, ५० हर्ट्झवर राहायला हवी. कुठेतरी मोठा संच किंवा वाहिनी बंद पडली की उरलेल्या संचांवर जास्तीचा भार येतो आणि फिरणारी चाकं मंदावतात, भरलेली एसटी चढावर मंदावते तशी. नियंत्रण कक्षातल्या पडद्यावर तो आकडा ४९.९, ४९.८ असा उतरताना दिसतो. साधारण दिवशी तो पुन्हा वर येतो. वाईट दिवशी तो उतरतच राहतो, आणि ४७.५ च्या आसपास पोचला की टर्बाइनची पाती वाचवण्यासाठी संच स्वतःहून बाहेर पडू लागतात. तिथे पोचण्याआधी मुंबईला तोडायचं असतं. हा निर्णय माणूस घेत नाही, तेवढा वेळच नसतो. ठरवलेल्या मर्यादेखाली आकडा गेला की रिले, म्हणजे आपोआप चालणारी संरक्षक उपकरणं, बाहेरच्या वाहिन्या तोडतात.

खरी कसोटी त्यानंतर लागते. तुटल्या क्षणी शहरात जेवढी वीज तयार होत आहे, भारही तेवढाच उरला पाहिजे. भार जास्त असेल तर आधीच ठरवलेल्या यादीप्रमाणे फीडर, म्हणजे एकेका भागाला वीज नेणाऱ्या वाहिन्या, तोडले जातात. रेल्वे, रुग्णालयं, पाणीपुरवठा शक्य तितका वाचवायचा असतो. पण यादी कितीही नीट केली तरी तिला सीमा आहे. आत हजार मेगावॅट तयार होत असतील आणि बाहेरून त्याच्या दीडपट-दुप्पट येत असेल, तर एका झटक्यात एवढा भार बरोब्बर मोजून कापता येत नाही. थोडा कमी कापला तर फ्रिक्वेन्सी पडते, जास्त कापला तर चढते. दोन्ही बाजूंनी संच बाहेर पडतात.

यंत्रणेने मुंबईला अनेकदा वाचवलं, हे खरं. पण तिच्या नावावर नको तेही जमा झालं आहे. ३० आणि ३१ जुलै २०१२ ला उत्तर भारत, आणि दुसऱ्या दिवशी पूर्व व ईशान्य भारतही अंधारात गेला. साठ कोटींहून अधिक लोकांना झळ बसली. मुंबईचे दिवे चालू राहिले, ते अख्खं पश्चिम जाळं वाचलं म्हणून. त्या दिवशी मुंबईला वेगळं व्हावंच लागलं नाही. तरीही त्या वेळी आयलंडिंगचं एवढं कौतुक झालं की तिच्या आतल्या बाजूला काय कमी होत चाललंय, याकडे लक्ष देण्याची गरज कोणाला वाटली नाही.

कमी होत होती ती शहरातली निर्मिती. ती घटू देण्याच्या निर्णयाबद्दलच सगळ्यात जास्त वाद आहे आणि तो एका बैठकीत झालेला निर्णयही नाही. १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत मुंबईची बहुतेक गरज ट्रॉम्बे, डहाणू आणि घाटातली केंद्रं मिळून भागवत होती. बाकीच्यासाठी राज्याच्या वीज मंडळाकडे ५५० एमव्हीएची स्टँडबाय, म्हणजे गरज पडली तर वापरायची राखीव, सोय होती, आणि तिचे पैसे कोणी किती भरायचे यावर दोन खासगी कंपन्या (एक घाटातली केंद्रं चालवणारी, दुसरी उपनगरांत वीज वाटणारी) वर्षानुवर्षं भांडल्या. २००३ चा वीज कायदा आला, नियामक आयोग दरांवर बारीक लक्ष ठेवू लागला आणि मेरिट ऑर्डर ही परवलीची गोष्ट झाली : आधी स्वस्त वीज घ्या, महाग संच मागे ठेवा. ग्राहकाच्या बिलाचा विचार केला तर यात चुकीचं काही नाही. छत्तीसगडच्या कोळशाच्या तोंडाशी तयार झालेली वीज वाहिनीने मुंबईत आणणं हे कोळसा गाडीने ट्रॉम्बेला आणून जाळण्यापेक्षा स्वस्त पडतं. ट्रॉम्बेचा तेलावर चालणारा ५०० मेगावॅटचा संच याच हिशेबात आधी बहुतेक काळ बंद ठेवला गेला आणि पुढे कायमचा बाहेर पडला. त्याच्या जागी तेवढीच नवी निर्मिती शहरात आली नाही.

बाहेरची वीज आणायची तर वाहिन्या हव्यात. आणि इथे माझ्या मते सगळ्यात मोठी हयगय झाली. मुंबई तीन बाजूंनी खाडी आणि समुद्राने वेढलेली, चौथ्या बाजूला जंगल. वाहिनीसाठी वाट काढायची तर खारफुटी, मिठागरं, झोपडपट्ट्या, रेल्वे, प्रत्येकाची वेगळी परवानगी. खारघर ते विक्रोळी ही ४०० केव्हीची वाहिनी दशकाहून अधिक काळ रखडली. त्याच वर्षांत वीज-क्षेत्रातली सगळी ताकद उपनगरांत कोणी कोणाला वीज विकायची या खटल्यांत खर्च होत होती. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये दुसऱ्या पुरवठादारालाही उपनगरी ग्राहकांना वीज विकण्याची मुभा दिली, मग ग्राहक इकडून तिकडे जाऊ लागले, मग अधिभाराचे वाद. ग्राहकाला पर्याय मिळाला हे चांगलंच झालं. पण निवड होती ती बिलावरच्या नावाची. दोघांचीही वीज शहरात शिरत होती त्याच मोजक्या वाहिन्यांतून, कळवा आणि खारघरच्या उपकेंद्रांवरून.

१२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी याच वाहिन्या कमी पडल्या. कळवा-पडघा मार्गावरची एक ४०० केव्ही वाहिनी आधीच बंद होती. बाकीच्या एकामागून एक बाहेर गेल्या, उरलेल्यांवर भार वाढत गेला, आणि दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबई एकदम बंद. आयलंडिंग चाललं, पण टिकलं नाही : शहर वेगळं झालं तेव्हा आतली निर्मिती भाराच्या मानाने फार कमी होती, आणि चालू संचही बाहेर पडले. करोनाचा काळ होता. लोकलमध्ये अत्यावश्यक सेवेतले लोकच होते. दोन स्थानकांच्या मध्ये अडकलेल्या गाड्यांतून उतरून ते रुळांतून चालत निघाले. त्यांत रुग्णालयात ड्युटीवर जाणाऱ्या परिचारिकाही असणारच. करोना कक्ष डिझेल जनित्रांवर गेले. महाविद्यालयांच्या ऑनलाइन परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. घाटातल्या केंद्रांनी शंभर वर्षांपूर्वीचं काम पुन्हा केलं आणि दोनेक तासांत महत्त्वाचा पुरवठा सुरू झाला, काही भागांत मात्र रात्र उजाडली.

पुढच्या काही महिन्यांत चर्चा भलतीकडे गेली. परदेशातल्या एका सायबरसुरक्षा कंपनीने २०२१ च्या सुरुवातीला अहवाल काढला की भारतीय वीज नियंत्रण केंद्रांच्या संगणकांना चीनशी संबंधित गटाने लक्ष्य केलं होतं. मुंबईच्या अंधाराशी त्याचा संबंध आपण सिद्ध करू शकत नाही, हेही त्याच अहवालात होतं. राज्य सरकारने घातपाताची शक्यता जाहीरपणे मांडली. केंद्राने ती नाकारून मानवी चूक असल्याचं सांगितलं. संगणकांच्या सुरक्षेची काळजी घ्यायलाच हवी. पण घातपाताचा संशय धरला की दुरुस्तीला बंद ठेवलेली वाहिनी, न झालेली दुसरी वाहिनी आणि न चालणारे संच या साध्या, तपासता येण्याजोग्या गोष्टी मागे पडतात. तसंच झालं. २७ फेब्रुवारी २०२२ च्या रविवारी सकाळी मुलुंड-ट्रॉम्बे ही २२० केव्ही वाहिनी बंद पडली आणि दक्षिण व मध्य मुंबई पुन्हा तासभर अंधारात गेली.

त्यानंतर कामांना वेग आला. खारघर-विक्रोळी वाहिनी २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाली. तिच्यामुळे आणखी हजार मेगावॅट शहरात आणता येतात. कुडूस ते आरे हजार मेगावॅटच्या डीसी (एकाच दिशेने वाहणाऱ्या प्रवाहाच्या) वाहिनीचं काम हाती घेतलं गेलं, जिचा बराचसा भाग जमिनीखालून आहे. अशा वाहिनीच्या टोकाला असणाऱ्या डीसी केंद्राचा फायदा असा की अंधारात गेलेल्या बाजूला ते स्वतःहून वीज देऊ शकतं, त्याला त्या बाजूला चालू जाळं लागत नाही. शहरात दहा ठिकाणी मिळून १०० मेगावॅटच्या बॅटऱ्या बसवायची योजनाही आली. मुंबईची कमाल मागणी २०२४ च्या उन्हाळ्यात ४,००० मेगावॅटच्या वर गेली आहे. तिच्यासमोर १०० मेगावॅट किरकोळ वाटतील, पण फ्रिक्वेन्सी घसरताना पहिल्या काही सेकंदांत आधार देणं आणि नंतर मेट्रो-रुग्णालयं उभी करणं, एवढ्यासाठी त्या मोलाच्या आहेत.

उरतो तो ट्रॉम्बेचा कोळसा. ट्रॉम्बे, डहाणू आणि घाट मिळून आज क्षमता दोन हजार मेगावॅटच्याही आत आहे, म्हणजे उन्हाळी मागणीच्या निम्म्याहून कमी. त्यातले ट्रॉम्बेचे कोळशाचे ७५० मेगावॅट काढले तर आयलंडिंगमध्ये जगवायला फारसं काही राहत नाही. म्हणूनच तिथला ५०० मेगावॅटचा जुना संच बंद करायची वेळ आली तेव्हा २०२३ च्या अखेरीस त्याला मुदतवाढ मिळाली. माहुल आणि चेंबूरच्या लोकांना याचा अर्थ आणखी काही वर्षं राख आणि धूर असा होतो. रिफायनऱ्या, रसायनांचे कारखाने आणि त्यात ही चिमणी. प्रकल्पग्रस्तांचं पुनर्वसनही तिथेच केलं गेलं आणि माणसं आजारी पडली म्हणून न्यायालयात जावं लागलं. शहराची सुरक्षितता त्यांच्या फुप्फुसांवर टाकायची आणि त्याला तांत्रिक गरज म्हणायचं, हे मला मान्य होत नाही. पण पर्याय उभा न करता संच बंद करणं म्हणजे पुढचा १२ ऑक्टोबर ओढवून घेणं, हेही तितकंच खरं.

तो पर्याय पुन्हा घाटाकडेच बोट दाखवतो. भिवपुरीला १,००० आणि शिरवट्याला १,८०० मेगावॅटचे पंप स्टोरेज प्रकल्प उभारण्याचा करार २०२३ मध्ये राज्य सरकारशी झाला. दुपारच्या सौर विजेने पाणी वर चढवायचं आणि संध्याकाळी खाली सोडायचं. बांधायला वर्षं लागतील. तोवर दोन गोष्टी सोडवाव्या लागतील. घाटाचं पाणी पुन्हा पूर्वेला, भीमेच्या दुष्काळी खोऱ्यात सोडा, ही तिथल्या लोकांची मागणी जुनी आणि रास्त आहे. आणि एरवी बंद ठेवलेल्या, फक्त वाईट दिवसासाठी राखलेल्या क्षमतेचा खर्च वीजबिलात कोणाच्या वाट्याला किती घालायचा, यावर आयोगापुढच्या सुनावण्यांत कुलाब्याचा ग्राहक आणि मुलुंडचा ग्राहक अजून एका बाजूला आलेले नाहीत.