विक्री दालनातील संघनेतृत्व

मोठ्या उलाढालीच्या किरकोळ विक्री दालनात पाळ्यांमध्ये काम करणाऱ्या माणसांची मोट बांधणे, त्यांच्याकडून रोजचे काम वेळेवर करून घेणे आणि त्यांच्यातूनच पुढचे पाळीप्रमुख व विभागप्रमुख घडवणे, या व्यवस्थापकीय कामाला संघनेतृत्व म्हणतात. क्लॅरेन्स सॉन्डर्स यांनी १९१६ मध्ये अमेरिकेतील मेम्फिस येथे ‘पिगली विगली’ हे स्वयंसेवा पद्धतीचे दुकान काढले. ग्राहक स्वतःच वस्तू उचलू लागल्यावर विक्रेत्याच्या कामाचे माल उतरवणे, फळ्या भरणे, बिल करणे असे तुकडे पडले. ते पुन्हा जोडण्याची जबाबदारी व्यवस्थापकावर आली.

अशा दालनातील सर्व कर्मचारी एका वेळी क्वचितच एकत्र असतात. त्यामुळे पाळी बदलतानाची पाच-दहा मिनिटांची उभ्या-उभ्या होणारी बैठक महत्त्वाची ठरते. कोणती फळी रिकामी आहे, गोदामातून काय यायचे राहिले आहे, कोणते बिलिंग यंत्र अडते आहे, हे तेथे सांगितले नाही, तर पुढच्या पाळीला ते ग्राहकाच्या तक्रारीतून कळते.

निर्णयाचे अधिकार किती खाली पोहोचले आहेत, हे गर्दीत उघड होते. चुकून दोनदा नोंदली गेलेली वस्तू बिलातून काढायची, तर अनेक ठिकाणी वरिष्ठाची मंजुरी लागते. कॅशियर हात वर करून थांबतो, वरिष्ठ गोदामात असतो आणि तोवर मागची रांग वाढत जाते. ठरावीक रकमेपर्यंतची दुरुस्ती कॅशियरवर सोपवून पाळीअखेर तिची तपासणी केल्यास रांग सरकते आणि नवख्यालाही निर्णयाची सवय लागते, मात्र ही तपासणी खरोखर व्हायला हवी.

उत्तम कॅशियर उत्तम पाळीप्रमुख होईलच असे नाही, ही बाब पदोन्नती देताना बहुधा विसरली जाते. असा माणूस गर्दी होताच स्वतः काउंटरवर बसतो. रांग हलते, पण बाकीच्या दालनाकडे पाहायला कोणी उरत नाही. म्हणून बढतीआधी त्याला काही पाळ्या अनुभवी प्रमुखासोबत काम देणे आणि माल स्वीकारणे, साठा मोजणे, वेळापत्रक लावणे ही कामे आलटून-पालटून शिकवणे इष्ट असते. नव्या कर्मचाऱ्याला ऐन गर्दीच्या दिवशी एकट्याने काउंटरवर बसवणे हे त्याला कामावरून घालवण्याचेच साधन ठरते.

कामगिरी केवळ बिलिंगच्या वेगावर मोजली, तर कॅशियर एकसारख्या दिसणाऱ्या बारा डब्यांपैकी एकाचाच बारकोड यंत्राने वाचून संख्येत बारा टाकतो. त्यांत दोन वेगळ्या प्रकारचे निघाले, तर एका वस्तूचा साठा कागदावर जास्त आणि दुसऱ्याचा कमी दिसतो, आणि ही तफावत पुढच्या साठामोजणीपर्यंत कोणाच्या ध्यानातही येत नाही.