कापसाच्या धुळीने होणारा बिसिनोसिस: भरपाईसाठी पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची पद्धत

सुट्टीनंतर कामावर गेल्यावर पहिल्याच दिवशी छाती आवळल्यासारखी होते, संध्याकाळपर्यंत दम लागतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी थोडं बरं वाटतं. ब्लोरूम (कापूस मोकळा करून झटकण्याचं खातं), कार्डिंग (पिंजणी) किंवा जिनिंगमध्ये (सरकी वेगळी करण्याच्या कामात) वर्षानुवर्षे काम केलेल्यांना हे वेगळं सांगावं लागत नाही. या आजाराला बिसिनोसिस म्हणतात. कापूस, ताग आणि अंबाडीच्या धुळीतून, विशेषतः बोंडाच्या पाकळ्या-पाल्याच्या भुग्यावर वाढणाऱ्या जिवाणूंच्या विषारी घटकांमुळे तो होतो. सुरुवातीला धुळीपासून दूर गेल्यास तो मागे हटतो. पुढे श्वासनलिका कायमच्या आखडल्या की औषधाने फक्त आराम पडतो.

कायद्याच्या नजरेत हा व्यावसायिक आजार आहे, म्हणजे कामावर झालेल्या अपघाताइतकाच भरपाईला पात्र. तरीही बहुतेक केसपेपरवर 'ब्राँकायटिस' किंवा 'दमा' एवढंच लिहिलं जातं आणि दावा तिथेच बसतो. अर्ज कसा भरावा यापेक्षा अर्जाआधी कागदावर काय आलं पाहिजे, हे जास्त महत्त्वाचं आहे.

कोणत्या दाराने जायचं

पगारातून ईएसआयची कपात होत असेल तर दावा कर्मचारी राज्य विमा महामंडळाकडे करायचा. दहा किंवा अधिक कामगार असलेला कारखाना आणि महिन्याला 21,000 रुपयांपर्यंत वेतन, ही त्याची मर्यादा. कामगाराच्या वेतनातून 0.75 टक्के आणि मालकाकडून 3.25 टक्के वर्गणी जाते. पगारपावतीवर कपात दिसते, पण भरणा झाला का, हे महामंडळाच्या पोर्टलवर आपला विमा क्रमांक टाकून पाहता येतं.

ईएसआय नसेल, जसं भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या अनेक छोट्या यंत्रमाग शेडमध्ये असतं, तर दावा थेट मालकाविरुद्ध कर्मचारी नुकसानभरपाईच्या तरतुदींखाली करायचा. दोन्हीकडे एकाच आजारासाठी मागता येत नाही. विमा लागू असलेल्याला ईएसआयकडेच जावं लागतं.

21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 लागू झाली आहे. आजारांची यादी तिच्या तिसऱ्या परिशिष्टात आहे आणि कापसाच्या धुळीचा आजार पूर्वीसारखाच 'क' भागात आहे. अर्जाच्या नमुन्यांचे क्रमांक आणि अधिकाऱ्यांची पदनामं बदलत असल्यामुळे जुन्या झेरॉक्सवर अर्ज न भरता चालू नमुना कार्यालयातूनच घ्यावा.

पात्रता: 'सलग काम' हा कळीचा शब्द

'क' भागातील आजारासाठी त्या प्रकारच्या कामात ठरवून दिलेला सलग काळ काढलेला असावा लागतो. बदली कामगारांचे आणि दर दोन वर्षांनी शेड बदलणाऱ्यांचे दावे इथेच अडकतात. थेट मालकाविरुद्धच्या दाव्यात मात्र एक मोठी सोय आहे: हा काळ एकाच मालकाकडे भरलेला असण्याची गरज नाही. अनेक मालकांकडे मिळून तो भरत असेल, तर प्रत्येकाने किती वाटा द्यायचा हे दावा ऐकणारा अधिकारी ठरवतो. म्हणून मागच्या प्रत्येक शेडचा पुरावा जपा, मग तो पगाराची चिठ्ठी असो, गेटपास असो, पीएफचं पासबुक असो की बँकेतली पगाराची नोंद. काहीच नसेल तर त्याच खात्यात बरोबर काम केलेल्या दोघांची प्रतिज्ञापत्रं घ्या. त्यांत खातं, पाळी आणि वर्षं स्पष्ट हवीत. 'ओळखतो, काम करायचा' एवढ्याने भागत नाही.

वैद्यकीय पुरावा

इथे घाई करू नये. बिसिनोसिसमध्ये छातीचा एक्सरे बऱ्याचदा स्वच्छ येतो. 'एक्सरे नॉर्मल, म्हणून आजार नाही' हा निष्कर्ष चुकीचा आहे, आणि दावा फेटाळताना तोच सर्वात जास्त वापरला जातो. खरा पुरावा दोन गोष्टींचा: कामाचा इतिहास आणि स्पायरोमेट्री.

स्पायरोमेट्री म्हणजे नळीत जोरात फुंकून एका सेकंदात किती हवा बाहेर पडते ते मोजणं. ती साप्ताहिक सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी, पाळी सुरू होण्यापूर्वी आणि पाळी संपताना, अशी दोनदा व्हायला हवी. समजा सकाळी 2.60 लिटर आणि संध्याकाळी 2.30 लिटर आली, तर घट साडेअकरा टक्के झाली. अमेरिकेच्या कापूस-धूळ नियमांत 5 टक्के किंवा 200 मिलिलिटर घटही दखलपात्र धरतात. बुधवारी दुपारी कधीतरी केलेल्या एकाच चाचणीत ही घट सापडणार नाही. दम्याचा पंप घेतला असेल तर केव्हा घेतला, ते रिपोर्टवर लिहून घ्या. आकड्यांबरोबर आलेखाची प्रतही मागा, कारण फुंकर अर्धवट होती असा आक्षेप आला तर आलेखच उत्तर देतो.

डॉक्टरांसमोर बसल्यावर तक्रार अशी सांगा: कोणत्या खात्यात, किती वर्षं, त्रास आठवड्याच्या कोणत्या दिवशी सुरू होतो, कोणत्या दिवशी कमी होतो, गावी महिनाभर राहिल्यावर काय होतं. हे केसपेपरवर लिहायची विनंती करा. विडी-सिगारेट ओढत असाल तर लपवू नका. त्यामुळे दावा आपोआप बाद होत नाही, पण लपवलेलं नंतर उघड झालं तर बाकीच्या सांगण्यावरचा विश्वास जातो.

निदान झाल्यावर डॉक्टरांनी कारखाना निरीक्षणालयाला कळवणं बंधनकारक आहे आणि व्यवस्थापनानेही सूचना पाठवायची असते. महाराष्ट्रात हे काम औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे आहे. या सूचनेची प्रत मागून घ्या. दाव्याला बळ मिळतंच, शिवाय त्याच खात्यातल्या इतरांसाठी धूळ मोजणं आणि खेचक पंख्यांची तपासणी यांना सुरुवात होऊ शकते.

ईएसआयची वाट

आधी आपल्या ईएसआय दवाखान्यात नोंद, तिथून ईएसआय रुग्णालयाच्या छातीविकार विभागाकडे चिठ्ठी. निदान आलं की शाखा कार्यालयात लेखी अर्ज द्या: 'व्यावसायिक आजार म्हणून विशेष वैद्यकीय मंडळाकडे पाठवावे.' साधं वैद्यकीय मंडळ अपघाताची दुखापत तपासतं. व्यावसायिक आजाराचा निर्णय विशेष मंडळच देतं. अर्जात 'विशेष' शब्द नसेल तर प्रकरण चुकीच्या टेबलावर महिनोन्‌महिने पडून राहतं.

अर्जासोबत ई-पहचान कार्ड (ईएसआयचं ओळखपत्र), आधार, बँक पासबुक, नेमणूकपत्र किंवा मालकाचा सेवा दाखला (खात्याच्या नावासह), पगारपावत्या, सर्व केसपेपर, एक्सरे आणि स्पायरोमेट्री जोडा. मूळ कागद देऊ नका, फक्त दाखवा. मालक दाखला देत नसेल तर मागणीचं पत्र स्पीड पोस्टाने, पोच मिळेल अशा रीतीने पाठवा आणि त्याची प्रत शाखा कार्यालयाला द्या. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

मंडळ तीन गोष्टी ठरवतं: आजार यादीतला आहे का, कायमचं अपंगत्व आलं आहे का, आणि कमाईची क्षमता किती टक्के घटली. टक्केवारी तात्पुरती असेल तर पुढच्या तपासणीची तारीख लिहून ठेवा.

उपचाराच्या रजेत साध्या आजाराला वेतनाच्या 70 टक्के मिळतात, कामामुळे झालेल्या इजेला 90 टक्के. कायम अपंगत्वाचा लाभ आयुष्यभर दरमहा मिळतो. सरासरी रोजचं वेतन 500 रुपये असेल तर पूर्ण दर त्याच्या 90 टक्के, म्हणजे 450 रुपये. 30 टक्के क्षमता घटली तर रोजचे 135, म्हणजे तीस दिवसांचे 4,050 रुपये. नोकरी गेली तरी तो थांबत नाही.

लाभ देय झाल्यापासून बारा महिन्यांच्या आत मागावा. मंडळाचा निर्णय मान्य नसेल तर तीन महिन्यांत वैद्यकीय अपील न्यायाधिकरणाकडे किंवा कर्मचारी विमा न्यायालयात जाता येतं. अर्ज कुठे अडला हे कळत नसेल तर 10 रुपयांचा माहिती अधिकार अर्ज करा आणि मंडळाच्या अहवालाची प्रतही त्यातच मागा.

ईएसआय नसेल तर

आधी मालकाला लेखी नोटीस, मग सक्षम अधिकाऱ्याकडे (पूर्वीचे नुकसानभरपाई आयुक्त) अर्ज. महाराष्ट्रात हे काम कामगार न्यायालयात चालत आलं आहे. दोन वर्षांच्या आत अर्ज करा. हा काळ आजारामुळे सलग गैरहजेरी सुरू झाली त्या दिवसापासून मोजतात. काम सोडल्यावर दोन वर्षांच्या आत लक्षणं दिसली, तरी दावा करता येतो.

रकमेचं गणित ठरलेलं आहे. मासिक वेतनाच्या 60 टक्के गुणिले कायद्याच्या तक्त्यातला वयानुसारचा गुणांक, आणि क्षमता जितके टक्के घटली तितके टक्के त्या रकमेचे. वेतन जास्त असलं तरी 15,000 रुपयेच धरतात. 45 वर्षं पूर्ण केलेल्याचं वेतन 14,000 असेल तर 8,400 गुणिले 169.44, म्हणजे 14,23,296 रुपये. क्षमता 30 टक्के घटली असेल तर सुमारे 4,26,989 रुपये. रक्कम देय झाल्यापासून महिन्यात मिळाली नाही तर 12 टक्के व्याज आणि कारण पटण्यासारखं नसेल तर 50 टक्क्यांपर्यंत दंड मागता येतो. अर्जात या दोन्ही मागण्या पहिल्यापासून लिहा.

तपासणी चालू असताना राजीनामा किंवा 'सर्व हिशेब मिळाला' अशा कागदावर सही करू नका. भरपाईचा हक्क सोडून देण्याचा करार कायद्याने ग्राह्य नाही, पण राजीनामा दिला की सेवेच्या नोंदी मिळवणं फार जड जातं. त्याऐवजी धूळ कमी असलेल्या खात्यात बदलीचा लेखी अर्ज द्या. तोंडावर रुमाल बांधल्याने ही बारीक धूळ अडत नाही.

ईएसआयचा कायम लाभ सुरू झाल्यावर दरवर्षी हयातीचा दाखला वेळेवर द्यावा, नाहीतर हप्ता थांबतो. अपंगत्वामुळे नोकरी सुटली असेल तर वर्षाला 120 रुपये भरून स्वतःसाठी आणि जोडीदारासाठी ईएसआयची वैद्यकीय सेवा चालू ठेवता येते. त्यासाठीचा अर्जही त्याच शाखा कार्यालयात द्यायचा.