छायालेखक वित्तोरिओ स्तोरारो: एका घडणीची पार्श्वभूमी

करोनामुळे दोन महिने लांबलेला ५१ वा इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, जानेवारी २०२१ मध्ये गोव्यात भरला. त्या वर्षीचा जीवनगौरव पुरस्कार इटलीचे वित्तोरिओ स्तोरारो यांना मिळाला. तीन ऑस्कर मिळवलेला कॅमेरामन, एवढीच त्यांची ओळख बातम्यांतून झाली. ती अपुरी आहे.

मराठी सिनेमाच्या श्रेयनामावलीत आपण ‘छायालेखन’ हा शब्द पूर्वीपासून वाचत आलो आहोत. स्तोरारो आयुष्यभर ज्यासाठी भांडले, ते या शब्दात आयतंच सापडतं: कॅमेऱ्यामागचा माणूस लिहीत असतो. इटलीत या पदाला ‘फोटोग्राफीचा दिग्दर्शक’ म्हणतात. स्तोरारोंना ते नाव पटत नाही. सिनेमाला दिग्दर्शक एकच असतो, आपण प्रकाशाने लिहिणारे लेखक आहोत, असं ते सांगतात. त्यांच्या ग्रंथमालेचं नावही ‘प्रकाशाने लिहिणे’ असंच आहे. हा दावा कुठून आला, ते पाहायचं तर रोममधल्या एका प्रोजेक्टरच्या खोलीत शिरावं लागतं.

स्तोरारोंचा जन्म २४ जून १९४० चा, रोमचाच. वडील लक्स फिल्म या कंपनीत प्रोजेक्टर चालवायचे. आयुष्यभर दुसऱ्यांनी टिपलेली चित्रं पडद्यावर सोडणाऱ्या त्या माणसाला मुलाने कॅमेऱ्यामागे उभं राहावंसं वाटत होतं. मुलगा अकराव्या वर्षी फोटोग्राफीच्या तांत्रिक शाळेत गेला आणि अठराव्या वर्षी ‘चेंत्रो स्पेरिमेंताले’ या सरकारी चित्रपटसंस्थेत. एकविशीत तो कॅमेरा ऑपरेटर झाला होता.

मग काम थांबलं. साठच्या दशकाच्या सुरुवातीला इटलीच्या चित्रपटधंद्याला मंदीने गाठलं आणि स्तोरारो जवळजवळ दोन वर्षं घरी बसले. माझ्या मते त्यांच्या आयुष्यातली सर्वांत मोलाची वर्षं हीच. भिंगं, फिल्म, रसायनं सगळं शिकून झालं होतं, पण चित्रकला, संगीत, साहित्य यांतलं शाळेने काही शिकवलं नव्हतं. ते सगळं त्यांनी या काळात स्वतःहून वाचलं, पाहिलं, ऐकलं. रोममधल्या सान लुइजी देई फ्रांचेझी या चर्चमध्ये काराव्हाज्जोचं ‘संत मॅथ्यूला आलेलं बोलावणं’ हे चित्र आहे. अंधाऱ्या खोलीत माणसं मेजाभोवती पैसे मोजत बसली आहेत, आणि उजवीकडून आलेली उजेडाची तिरीप भिंत तिरकी कापत जाते. या चित्रासमोर आपण खिळून गेलो, असं स्तोरारो वारंवार सांगत आले आहेत. तिथे उजेड वस्तू दाखवण्यापुरता येत नाही, तो घटना घडवतो.

१९६४ मध्ये काम पुन्हा मिळालं, तेही एक पायरी खाली उतरून, साहाय्यक म्हणून. दिग्दर्शक होता विशीतला बेर्नार्दो बेर्तोलुच्ची. पाच वर्षांनी स्तोरारो स्वतंत्र छायालेखक झाले आणि १९७० मध्ये दोघांचा ‘द कन्फॉर्मिस्ट’ आला. फॅसिस्ट राजवटीत इतरांसारखं दिसण्यासाठी धडपडणाऱ्या माणसाची ही गोष्ट. रोममधल्या प्रसंगांत उजेड आणि सावली एकमेकांत मिसळतच नाहीत. खिडकीच्या पट्ट्यांमधून आलेला उजेड खोलीत गजांसारखा पडतो. पॅरिसला पोचल्यावर निळा, मऊ संधिप्रकाश पसरतो. नायकाच्या जुन्या प्राध्यापकाच्या खोलीतला प्रसंग तर नीट बघून ठेवावा असा आहे. भिंतीवरच्या सावल्यांनाच खरं जग समजणाऱ्या, प्लेटोच्या गुहेतल्या कैद्यांविषयी बोलणं चाललेलं असतं, नायकाची काळी सावली भिंतीवर पडलेली असते, आणि प्राध्यापक खिडकी उघडतो तशी ती सावली विरून जाते. तत्त्वज्ञानाचा अख्खा मुद्दा एका खिडकीने मांडला.

पुढच्या सिनेमाआधी बेर्तोलुच्चींनी त्यांना पॅरिसमध्ये विसाव्या शतकातला चित्रकार फ्रान्सिस बेकन याच्या चित्रांचं प्रदर्शन दाखवलं. ‘लास्ट टँगो इन पॅरिस’चा नारिंगी रंग तिथून उमलला. १९९३ पर्यंत या जोडीने आठ चित्रपट केले.

अमेरिकी दिग्दर्शक फ्रान्सिस फोर्ड कपोला यांनी ‘अपोकॅलिप्स नाउ’ या व्हिएतनाम युद्धावरच्या चित्रपटासाठी विचारलं तेव्हा स्तोरारो कचरत होते. कपोलांचे छायालेखक गॉर्डन विलिस, त्यांच्या जागी आपण जायचं हे त्यांना रुचेना. शिवाय युद्धपटाचं आपल्याला काय पडलंय, हा प्रश्न होताच. कॉनरॅडची ‘हार्ट ऑफ डार्कनेस’ ही कादंबरी वाचल्यावर त्यांना धागा सापडला: एक संस्कृती दुसरीवर लादली जाते. मग फिलिपिन्सच्या जंगलाच्या नैसर्गिक रंगांवर त्यांनी रंगीत धूर आणि विजेचा झगमगाट अक्षरशः लादला. १९७६ च्या मार्चमध्ये सुरू झालेलं चित्रीकरण वादळात सेट वाहून जाऊनही १९७७ च्या मेपर्यंत चाललं. मार्लन ब्रँडोंनी रंगवलेला, जंगलात स्वतःचं राज्य थाटलेला कर्नल कर्ट्झ येतो तो मिट्ट काळोखातून. आधी डोक्याचा गोल, मग गाल, मग एक डोळा. हा चेहरा पूर्ण उजळला असता तर त्याची भीती वाटली नसती. या कामाने १९८० मध्ये त्यांना पहिला ऑस्कर दिला. ‘रेड्स’ आणि ‘द लास्ट एम्परर’ यांनी पुढचे दोन.

‘रेड्स’मागे लॅबची हकिकत आहे, आणि ती सहसा सांगितली जात नाही. रोमच्या टेक्निकलर लॅबमधल्या एर्नेस्तो नोव्हेल्ली यांनी रंगीत प्रिंट धुताना तिला कृष्णधवल डेव्हलपरमधून आणखी एकदा काढण्याची पद्धत बसवली. त्यामुळे एरवी धुऊन निघून जाणारी थोडी चांदी फिल्मवर उरते. काळे भाग गडद होतात, रंग थोडे उतरतात. नोव्हेल्लींच्या पूर्ण नावाच्या आद्याक्षरांवरून या पद्धतीला ‘ईएनआर’ म्हणतात. स्तोरारोंच्या काळोखात या तंत्रज्ञाचाही हात आहे.

‘द लास्ट एम्परर’मध्ये त्यांनी रंगांना वयं वाटून दिली. तुरुंगाचा वर्तमानकाळ करडा. चीनचा शेवटचा सम्राट पु यी मनगट कापून घेतो तेव्हा लाल रंग येतो आणि आठवणी सुरू होतात. कुटुंबाची ऊब नारिंगी, राज्याभिषेक पिवळा, इंग्रज शिक्षकासोबत येणारं ज्ञान हिरवं. कागदावर हे साचेबंद वाटतं, पडद्यावर मात्र ते जाणवतच नाही. स्तोरारोंचं रंगशास्त्र मला नेहमी पटत नाही. त्यांची चित्रं पटतात.

एका बाबतीत तर मी त्यांच्या विरुद्ध आहे. १९९८ मध्ये त्यांनी ‘युनिव्हिझियम’ नावाने २:१ ही, म्हणजे उंचीच्या दुप्पट रुंदीची, चौकट मांडली. चित्रपटगृह आणि टीव्ही या दोन्हींना एकच माप असावं, हा हेतू चांगलाच होता, आणि आज अनेक वेबमालिका याच मापात निघतात. पण त्याच हट्टाने त्यांनी ‘अपोकॅलिप्स नाउ’सारख्या जुन्या रुंद चित्रपटांच्या डीव्हीडीसुद्धा बाजूंनी छाटल्या. स्वतः लिहिलेलं खोडायचा हक्क लेखकाला असतो, हे कबूल. तरी ते बघताना जीव तुटतो. २०१० च्या ब्लू-रेमध्ये मूळ रुंदी परत आली.

डिजिटल कॅमेरा त्यांनी वुडी ॲलन यांच्या ‘कॅफे सोसायटी’साठी पहिल्यांदा हाती घेतला, तेव्हा ते पंचाहत्तरीत होते. फिलिपिन्समध्ये असताना निगेटिव्ह धुवायला रोमला जायचं, आणि आपण काय टिपलं हे कळायला वाट पाहावी लागायची. आता दिवा हलवला की मॉनिटरवर सावली त्याच क्षणी हलत होती.