थिंगवेट्लिरची खचदरी

आइसलँडमध्ये रेक्याविकच्या ईशान्येला सुमारे ४५ किलोमीटरवर थिंगवेट्लिर आहे. तिथल्या अल्मन्नाग्याउ घळीत पर्यटक दोन्ही हात पसरून उभे राहतात: एक हात अमेरिकेत, दुसरा युरोपात! फोटो झकास येतो, भूशास्त्र मात्र चुकतं. उत्तर अमेरिकी आणि युरेशियन भूपट्ट म्हणजे पृथ्वीच्या कवचाचे एकमेकांपासून दूर सरकणारे तुकडे. त्यांची हद्द शेताच्या बांधासारखी एका रेघेत नसते. तो कित्येक किलोमीटर रुंदीचा भेगाळलेला पट्टा आहे. घळीचा उंच कडा ही खचदरीची, म्हणजे भेगांमधली जमीन खचून झालेल्या दरीची, पश्चिम कड. पूर्वेकडची कड, ह्राफ्नाग्याउ, काही किलोमीटर लांब.

दरीतला लाव्हा सुमारे १० हजार वर्षांपूर्वीचा. आपल्या सह्याद्रीसारखाच बेसॉल्ट, पण सह्याद्रीचा साडेसहा कोटी वर्षांचा. त्यापुढे हा कालचाच. एवढ्या काळात दरी सुमारे ७० मीटर रुंदावली, ४० मीटर खचली. हे सगळं हळूहळू होत नाही. ताण साठत जातो आणि भूकंपात एकदम सुटतो. १७८९ मध्ये काही दिवसांतच दरीचा तळ मीटरभराहून जास्त खाली बसला आणि तिथल्या तळ्याकाठची जमीन पाण्याखाली गेली. २०११ मध्ये घळीतल्या पायवाटेखालीच भगदाड पडलं. आता त्यावर लाकडी पूल आहे.

इ.स. ९३० पासून आल्थिंग ही लोकसभा इथे भरे. सुरुवातीला कायदे लिहिलेले नव्हते. कायदेवक्ता दरवर्षी एक तृतीयांश कायदे तोंडपाठ म्हणे, म्हणजे तीन वर्षांत सगळे. १७९८ नंतर सभा इथे नियमित भरली नाही. १९४४ मध्ये प्रजासत्ताकाची घोषणा मात्र इथेच झाली.

सिल्फ्रा ही इथलीच पाण्याने भरलेली भेग. पर्यटक तिच्यात तरंगतात किंवा बुडी मारतात. लांगयोकुट्ल हिमनदीचं पाणी अनेक दशकं लाव्ह्यातून झिरपत इथे येतं, म्हणून नितळ: १०० मीटरपर्यंतचं दिसतं. तापमान वर्षभर २ ते ४ अंश. त्यामुळे अंग कोरडं ठेवणारा ड्रायसूट इथे सहसा घालतात. त्याच्या मानेच्या रबरात केस किंवा कपड्याची घडी अडकली, की पाणी आत शिरतं. हातमोजे मात्र भिजणारेच असतात. आत तापलेलं पाणी हात हलवला की बाहेर जातं आणि बोटं बधिर होतात. पोहण्याचा मोह आवरून हात छातीशी धरावेत, प्रवाह आपोआप पुढे नेतो. सिलिंडर घेऊन बुडी मारणाऱ्यांची श्वास घ्यायची झडप गोठून हवा भसाभस सुटण्याचा धोका असतो, त्यामुळे थंड पाण्यासाठी बनवलेलीच झडप हवी. भेगेच्या तळाशी गुहा आहेत, पण त्यांत शिरायला बंदी आहे: वरचे दगड भूकंपात निसटतात.