नाव .३८, माप .३५७

काडतुसावरचा आकडा म्हणजे गोळीचं माप, असं धरून चालणारा रिलोडिंगमध्ये, म्हणजे वापरलेली काडतुसं घरी पुन्हा भरताना, लवकरच फसतो. '.३८ स्पेशल' या रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाची गोळी कॅलिपरमध्ये (जाडी मोजायच्या साधनात) धरा, भरते .३५७ किंवा .३५८ इंच. मग हा ३८ आला कुठून?

तो आला अमेरिकेतल्या ठासणीच्या रिव्हॉल्व्हरांतून. .३६ म्हणवणारी कोल्ट नेव्ही १८७०च्या दशकात धातूच्या काडतुसांसाठी बदलून घेतली जाऊ लागली. त्या काडतुसांत गोळी पुंगळीइतकीच, म्हणजे दारू भरायच्या धातूच्या नळकांडीइतकीच, जाड असे. फक्त तिचं बूड बारीक करून आत बसवलेलं. पुढे गोळीचा बसणारा भाग सबंधच पुंगळीच्या आत गेला, त्यामुळे गोळी बारीक झाली. नाव मात्र तसंच राहिलं. म्हणजे ३८ हे पुंगळीच्या जाडीचं माप, गोळीचं नव्हे.

स्मिथ अँड वेसनचं .३८ स्पेशल १८९८च्या सुमाराचं, मुळात काळ्या दारूसाठी आखलेलं. काळी दारू जागा खाते, म्हणून पुंगळी ऐसपैस. लगेचच बिनधुराची दारू आली आणि तीच पुंगळी निम्म्याहून रिकामी राहू लागली. चुकून दुप्पट दारू पडली तरी ती सहज मावते, आणि मग हत्यारच फुटू शकतं! म्हणूनच जुने लोक गोळ्या बसवण्याआधी पुंगळ्यांच्या ट्रेवर बॅटरी मारून प्रत्येकीत डोकावतात.

खरी गंमत पुढे आहे. जास्त दाबाचं काडतूस हवं होतं, तेव्हा दोन कंपन्यांनी दोन वाटा धरल्या. कोल्टने १९२९ मध्ये १९००च्या '.३८ एसीपी'चीच (ऑटोमॅटिक कोल्ट पिस्तूल) पुंगळी घेतली, मापं तीच ठेवली, दाब वाढवला आणि नाव दिलं '.३८ सुपर'. परिणाम असा की हे काडतूस १९०० आणि १९०२च्या जुन्या, नाजूक बांध्याच्या पिस्तुलांतही बिनबोभाट बसतं. पुंगळीच्या बुडावर '+पी' ही जास्त दाबाची खूण यायला १९७४ उजाडलं. माझ्या मते मापं तीच ठेवणं हा निव्वळ आळस होता. स्मिथ अँड वेसनने १९३५ मध्ये .३५७ मॅग्नम काढताना स्पेशलची पुंगळी १.१५५ इंचांवरून १.२९० इंच केली. कारण दारूला जागा हवी हे नव्हतंच. जुन्या रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडरमध्ये ते पूर्ण आत जाऊ नये, एवढ्यासाठी ही वाढ. उलट स्पेशल मात्र मॅग्नमच्या रिव्हॉल्व्हरमध्ये खुशाल चालतं. आडनाव बदललं आणि पहिल्यांदाच खरं माप नावात आलं.

'नऊ मिलिमीटर'चा गोंधळ वेगळा. लुगरची १९०२ची ९×१९ (आधी गोळीचं माप, मग पुंगळीची लांबी, मिलिमीटरमध्ये) आणि ब्राउनिंगची ९×१७, म्हणजे .३८० एसीपी, यांच्या गोळ्या साधारण ९.०१ मिमी. सोव्हिएत मकारोव्हची ९×१८ दोघींच्या मधली वाटते, पण तिची गोळी ९.२७ मिमी. सोव्हिएत पद्धतीत नळीचं माप आट्यांच्या (नळीतल्या पिळदार खाचांच्या) उंचवट्यांवरून घेतात, एवढाच फरक. लुगरची गोळी मकारोव्हच्या पुंगळीत ढिली बसते.

आपल्याकडे परवानाधारकांच्या ओळखीचा आकडा .३२. ऑर्डनन्स फॅक्टरीचं रिव्हॉल्व्हर .३२ स्मिथ अँड वेसन लाँगचं, ७.६५×२३; 'अशनी' पिस्तूल .३२ एसीपीचं, ७.६५×१७. पहिल्या पुंगळीच्या बुडाला ठसठशीत कड, दुसरीची जेमतेम जाणवणारी. दुकानात नुसतं 'बत्तीसची द्या' म्हणून भागत नाही.