छोट्या आगगाडीतील वाफेचा आवाज : ताल जमतो, सूर अडतो

वाफेच्या इंजिनाची झुकझुक धुराड्यातून येते. सिलिंडरमधील दट्ट्या ढकलून झालेली वाफ झडप उघडताच धुराड्याखालच्या नळीतून जोराने वर सुटते, जाताना भट्टीतील धूरही ओढून नेते, आणि अशा प्रत्येक सुटकेचा एक ठोका ऐकू येतो. दट्ट्याला वाफ दोन्ही बाजूंनी आळीपाळीने ढकलत असल्यामुळे दोन सिलिंडरांच्या इंजिनात चाकाच्या एका फेऱ्याला चार ठोके पडतात. सिलिंडर तीन असतील तर सहा.

भारतीय रेल्वेवर १९४७ मध्ये आलेल्या डब्ल्यूपी इंजिनाच्या मोठ्या चाकाचा व्यास सुमारे १.७ मीटर होता. ताशी ६० किलोमीटर वेगाला ते चाक सेकंदाला तीनहून थोडे अधिक फेरे घेई, म्हणजे बारा-साडेबारा ठोके पडत. ताशी १०० किलोमीटरला ठोके विसाच्या पुढे जात आणि सुटे ऐकू न येता त्यांची सलग घरघर होई.

पुण्यात लहान गाड्या धावताना पाहायच्या असतील, तर कोथरूडचे जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय १९९८ पासून खुले आहे. लघुरेल्वेच्या जगात एचओ हे सर्वाधिक प्रचलित प्रमाण आहे आणि त्यात प्रत्येक वस्तू मूळच्या सत्याऐंशीव्या भागाइतकी असते. डब्ल्यूपीचे चाक तिथे जेमतेम दोन सेंटीमीटरचे होईल. पण गाडीचा वेगही त्याच प्रमाणात कमी ठेवला, तर सेकंदाला होणारे फेरे बदलत नाहीत. ठोक्यांची लय अस्सल इंजिनाइतकीच राहते.

सुराचे मात्र तसे नाही. एका टोकाला बंद असलेली, २१ सेंटीमीटर लांबीची नळी हवेने फुंकली, तर सुमारे ४०० हर्ट्झचा सूर निघतो. तीच नळी सत्याऐंशीपट लहान केली, तर सूर जवळजवळ ३५,००० हर्ट्झवर जातो. माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतच ऐकू येत असल्याने अगदी प्रमाणशीर बनवलेली शिट्टी मालकाला ऐकूच येणार नाही. खरीखुरी वाफ वापरणारी छोटी इंजिनेही याच कारणाने भारदस्त न वाजता किरट्या आवाजात फुसफुसतात.

जुन्या कारागिरांनी या अडचणीतून यांत्रिक वाटा काढल्या. अमेरिकेतील लायोनेल कंपनीने १९३५ मध्ये टेंडरमध्ये, म्हणजे इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या डब्यात, मोटरवर फिरणारा पंखा बसवून त्याच्या वाऱ्याने शिट्टी वाजवली. रूळांतून वाहणाऱ्या प्रत्यावर्ती विजेत थोडा एकदिश दाब मिसळला की रिले (विजेने चालणारी कळ) लागून पंखा सुरू होई. शिट्टीचा कक्ष प्रमाणापेक्षा मोठा ठेवल्यामुळे सूर कानाच्या आवाक्यात राहिला. ब्रिटनच्या हॉर्नबीने १९७० च्या दशकात काही टेंडरमध्ये चाकाबरोबर फिरणारा खरखरीत पृष्ठभाग पत्तीवर घासवून झुकझुक काढली. आवाज सँडपेपरचाच वाटे, पण चाकाशी बांधलेला असल्याने तालात चुकत नसे, आणि माझ्या मते पुढच्या काळातील अनेक महागड्या साधनांपेक्षा ही युक्ती अधिक प्रामाणिक होती.

पुढे इलेक्ट्रॉनिक्सने वाफेसाठी ‘पांढरा गोंगाट’ वापरला. त्यात सर्व कंप्रता सारख्या प्रमाणात मिसळलेल्या असतात आणि कानाला तो नुसता ‘स्स्स’ असा ऐकू येतो. चाकाच्या आसावरील संपर्कपट्टीने त्याचे तुकडे पाडले की ठोके मिळत. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची एसएन७६४७७ ही आयसी अशा प्रयोगांसाठी हौशी मंडळींत प्रसिद्ध होती. तपकीर गल्लीत हिंडून सुटे भाग जमवणाऱ्या पुणेकराला ही परंपरा वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

आजच्या छोट्या इंजिनात खऱ्या इंजिनाचे ध्वनिमुद्रण साठवलेला डिकोडर, म्हणजे मोटर आणि आवाज सांभाळणारे छोटे इलेक्ट्रॉनिक सर्किट, असतो. त्याचे खरे कौशल्य ध्वनीच्या निवडीत आहे. भोर घाटातील ३७ ला १ या चढावर चालक दट्ट्याच्या बऱ्याच मोठ्या टप्प्यापर्यंत वाफ आत घेत असे. त्यामुळे बाहेर पडणाऱ्या वाफेत पुष्कळ दाब उरे आणि ठोका तोफेसारखा बसे, तर सपाटीवर वाफ लवकर तोडल्याने तोच ठोका मवाळ होई. मुंबई-पुणे मार्गावर १९३० पासून डेक्कन क्वीन विजेवर धावू लागल्यावर घाटातला हा फरक ओसरत गेला. डिकोडर तो पुन्हा घडवतो. मोटरचा पुरवठा क्षणभर थांबवून, फिरत्या मोटरमध्ये उलट निर्माण होणारा विद्युतदाब तो मोजतो आणि त्यावरून वेग ओळखतो. तोच वेग टिकवायला जास्त वीज लागू लागली की भार वाढला असे समजून जोरकस ठोके वाजवतो.

एवढे करूनही शेवटी आवाज सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरच्या स्पीकरमधूनच निघायचा असतो. १०० हर्ट्झच्या ध्वनितरंगाची लांबी साडेतीन मीटरच्या आसपास असते; एवढासा पडदा त्यासाठी पुरेशी हवा हलवू शकत नाही. शिवाय पडद्याच्या पुढच्या आणि मागच्या बाजूचे तरंग एकमेकांना मारतात, म्हणून स्पीकरला मागून हवाबंद डबी हवीच. ती नीट न चिकटवल्यामुळे उत्तम डिकोडरही टिनपाट वाजतो.

यावर काही हौशी लोकांनी कामाची विभागणी केली आहे. खालच्या पट्टीचा आवाज कोणत्या दिशेने येतो हे कानाला नीट ओळखता येत नाही. त्यामुळे शिट्टी आणि फुसफुस टेंडरमधून, तर खर्जाची धडधड मांडणीच्या टेबलाखाली ठेवलेल्या मोठ्या स्पीकरमधून सोडली, तरी सारा आवाज इंजिनातूनच येतो असे वाटते. सदनिकेत हा प्रयोग करताना खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना आधी विचारलेले बरे, कारण खर्ज स्लॅबमधूनही उतरतो.